तिसरा वेचा

मी तशी चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी भर सभेत चुकणार आहे, आणि तरी माझी मान आजही ताठ आहे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मला एक फाईल आणायची होती. ऑफिस समजून मी भलतंच दार ढकललं आणि आतल्या गार हवेनं शहारले.

"दार लावा मॅडम. इथल्या कापसाले गरमी सहन होत नाई."

पांढऱ्या कोटातला एक उंच, सावळा मुलगा यंत्रावर वाकलेला. वर पाहिलंसुद्धा नाही. मला असा राग आला... मग त्यानं पाहिलं, आणि तो राग कुठं ठेवला ते मलाच सापडेना.

तो अश्वजित. कापसाची प्रत तपासणाऱ्या यंत्राचा ऑपरेटर. मी दीपा, नेरची. पुण्यातली नोकरी सोडून आलेली, आणि म्हणून गल्लीत ज्याच्या-त्याच्या तोंडी झालेली. नेरच्या महिला शेतकरी गटानं मला माझं पहिलं स्वतंत्र काम दिलं होतं. यंत्र प्रत्येक नमुन्याची नोंद एक्सएमएल फाईलमध्ये लिहायचं. डब्यात डबा असावा तशी ती फाईल: बाईच्या नावाच्या आत वेचा, म्हणजे कापसाची एकेक वेचणी, आणि वेच्याच्या आत धाग्याची लांबी. ती वाचून वेबपानावर साध्या मराठीत दाखवायची, एवढंच माझं काम. जानेवारीत गिरणीचा खरेदीदार ते पान बघायला येणार होता. त्याला पटलं तर गटाचा कापूस थेट गिरणीत, आणि गटाचं काम कायम माझ्याकडे. नाही पटलं तर मी परत पुण्याच्या गाडीत.

फाईल मेलनंही आली असती. पण मी दर गुरुवारी लोहाऱ्याला जाऊ लागले.

"नेरले इंटरनेट नाई काय?" त्यानं एकदा विचारलंच.

"आहे ना. पण समोर बसून घेतलेली फाईल बिघडत नाही."

"अस्सं..." तो यंत्राकडं बघत हसला. "मंग रोज येत जा. फाईली लय नाजूक असतात."

एका गुरुवारी त्यानं माझ्या तळहातावर चिमूटभर रुई ठेवली. "यंत्र सांगते ते बोटानं सांगा."

लहानपणी आईबरोबर मजुरीनं कापूस वेचलेली मी, आणि हा मला शिकवतो? मी रुई ओढली, तंतू सरळ लावले, अंगठ्यावर धरले. "तीस मिलिमीटर."

त्यानं तीच रुई यंत्रात घातली. एकोणतीस पूर्णांक आठ. तो यंत्रावरचा आकडा सोडून माझ्याकडं बघत राहिला... आणि मला त्या गारठ्यातही कानापर्यंत गरम वाटलं.

जानेवारीत नेरला गटाच्या सभागृहात सगळ्या बाया जमल्या. खरेदीदार पुढच्या खुर्चीत, अश्वजित मागं भिंतीला टेकून. मी पान उघडलं. भिंतीवर एकेक नाव येऊ लागलं. एकोणतीस, तीस, तीस. गटाच्या अध्यक्ष शकुबाईंचं नाव आलं, पुढं तीस. टाळ्या पडल्या. खरेदीदार म्हणाला, "एवढा एकसारखा कापूस? कमाल आहे."

टाळ्या न वाजवणारा एकच होता. तो हळूच माझ्याजवळ आला.

"शकुमायचे तीन वेचे आहेत," तो पुटपुटला. "तिसरा सव्वीसचा. मीच तपासला."

मी फाईल उघडून खाली सरकवली. दिवाळीच्या वेळी फाईलीत प्रत्येकीच्या नावाखाली एकच वेचा होता, कारण शेतातून तेवढाच आला होता. माझा प्रोग्राम पहिला वेचा उचलून पुढच्या नावाकडं जायचा. नंतर खाली दुसरा आला, तिसरा आला, थकलेल्या झाडाचा, आखूड धाग्याचा. दर गुरुवारी नवी फाईल घेऊन येत होते मी... पण माझं लक्ष फाईलीत होतं कुठं?

"मी सांगतो, यंत्रानं फाईल अर्धीच देल्ली," तो म्हणाला. "तुमच्यावर कायले घेता?"

मी त्याच्याकडं पाहिलं. तो खरंच बोलणार होता. मी माईक उचलला.

"थांबा. हे पान चुकलंय. यंत्र बरोबर आहे, फाईल बरोबर आहे. मी फक्त पहिला वेचा वाचला. मला पंधरा मिनिटं द्या."

खरेदीदारानं घड्याळ पाहिलं. मी लिहिलं: नावाखाली जेवढे वेचे असतील तेवढे सगळे वाचायचे. पान पुन्हा उघडलं. शकुबाईंच्या नावाखाली तीन ओळी आल्या. तीस, अठ्ठावीस, सव्वीस.

"आता हे दाखवायचं होतं का?" खरेदीदारानं विचारलं.

शकुबाई उठल्या. "काहून नाई? माया तिसरा वेचा काही चोरीचा नाई. तोई मीच पिकवला."

खरेदीदारानं त्या तीन ओळी वहीत उतरवून घेतल्या. मग म्हणाला, "तिन्ही वेचे वेगवेगळे पाठवा. पान मात्र हेच ठेवा. यावर मला विश्वास ठेवता येईल."

बाहेर ऊन कलत होतं. अश्वजित पिंपळाखाली उभा होता. मी तरातरा गेले. रागात माझ्याही तोंडी नेरची बोली आली.

"तुमी खोटं बोलणार होते? सोताच्या यंत्रावर आळ घेऊन?"

"हौ."

"नोकरी गेली असती तुमची."

"नोकरी दुसरी भेटन." तो खाली बघत राहिला. "तुमी पुण्याले गेल्या असत्या तं मी काय केलं असतं..."

पण मी दीपा आहे. "मला वाचवणारा नको, अश्वजित. आज मागून येऊन चूक सांगितली ना, तसा माणूस पाहिजे. आयुष्यभर."

त्यानं मान वर केली. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर काय तो तोरा, जणू पान त्यानंच लिहिलं होतं.

"माया मायले आज सांगू काय?" त्यानं विचारलं.

"तुमी नका सांगू," आमच्या नेरच्या बाया बोलतात तसं मी म्हणाले. "रविवारी मी येतो न तुमच्या घरी. माझं मीच सांगतो."