वितोश ज्या आवाजात बोलायचा

"या चष्म्याचा स्क्रू पडलाय... बघता का जरा?"

माझ्या हातातून फ्रेमचा ट्रे निसटला. खळ्ळकन आवाज झाला आणि दुकानभर चष्मेच चष्मे!

मी वर बघितलंच नाही. बघायचा धीरच होईना. खर्जातला, किंचित खरखरीत, वाक्याच्या शेवटी हलकेच खाली बसणारा तो आवाज मी ओळखत होते. कालच संध्याकाळी त्या आवाजानं मला मिठाच्या खाणीत कोंडून मारलं होतं.

"अहो, लागलं का कुठे?" काउंटरवरून वाकून तो आवाज म्हणाला.

"वितोश?" मी पुटपुटले.

आता तो थबकला. समोर एक उंच, बारीक माणूस उभा होता, ओल्या बर्फानं चिंब झालेल्या टोपीतला, हातात एका काडीचा चष्मा धरलेला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"आवाज माझाच आहे," तो म्हणाला. "माणूस मात्र मी तो नव्हे. माझं नाव तिमोन."

तीन आठवडे रोज कामावरून आले की मी 'मिठाखालचं गाव' खेळत होते. नुसत्या गोळ्या झाडण्याचा गेम नाही हा, गोष्टीचा आहे. एल्का नावाची मुलगी हरवलेल्या बापाला शोधायला खाणीत उतरते. एल्का म्हणजे आपण. सोबत वाटाड्या वितोश. तो काही विचारतो, आपण उत्तर निवडायचं, आणि तशी गोष्ट वळत जाते. मी त्याला शेवटची मलमपट्टी दिली होती, माझ्या वाटणीची भाकरी दिली होती. आणि त्यानं काय केलं? शेवटी स्वतः बाहेर पडला, लोखंडी दार लावून घेतलं आणि पलीकडून म्हणाला, "माफ कर, एल्का." पडदा काळा! सकाळी सुजलेले डोळे घेऊन मी दुकानात आले, तेव्हा आमच्या मालकीणबाई, लुत्सिनाबाई, धास्तावून म्हणाल्या होत्या, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "मीच."

आणि आता तो दगाबाज माझ्यापुढे उभा!

"दार का लावलंत?" मी विचारलं.

"कुठलं दार?"

"कुठलं दार म्हणे! मी दोनदा जीव वाचवला तुमचा. दोनदा!"

"बाई, शप्पथ... मला खरंच माहीत नाही." तो पार गोंधळून गेला होता. "मी कपाटाएवढ्या खोलीत उभा राहून एकेक वाक्य बोललो. आज शेवटचं, उद्या मधलं. कागदावर फक्त माझी वाक्यं असतात. 'माफ कर, एल्का'... मला वाटलं, तिच्या पायावर पाय पडला असेल!"

मी आ वासून बघत राहिले.

"म्हणजे मी... दगा दिला?" त्याचा चेहरा उतरला. "मी आईला सांगून बसलोय, मी नायक आहे म्हणून."

"बोग्ना," आतून लुत्सिनाबाईंचा आवाज आला, "त्या माणसाचा चष्मा दे दुरुस्त करून, आणि भांडण रस्त्यावर ने. गिऱ्हाइकं घाबरतात."

मी स्क्रू बसवला. तीनदा पडला. चष्मा त्याच्या हातात देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वतः खेळून बघा एकदा. मग कळेल."

"माझ्याकडे तो गेम खेळायचा डबा नाही. आणि खेळता तर मुळीच येत नाही."

"मग रविवारी माझ्याकडे या."

हे मी बोलले? अनोळखी माणसाला? आतमध्ये लुत्सिनाबाईंच्या हातातला चमचा कपात वाजायचा थांबला होता.

* * *

रविवारी दार उघडलं तर त्याच्या हातात पांढरी शेवंती! आमच्याकडे ही फुलं थडग्यावर वाहतात. मी दचकून मागेच सरले.

"एल्कासाठी आहेत," तो गंभीरपणे म्हणाला. "तिच्या मरणाला मी जबाबदार आहे ना... रीत पाळायला हवी." मग खिशातून कागदाची पुडी काढली. "आणि हे तुमच्यासाठी. खसखशीचा केक. तुम्ही अजून जिवंत आहात म्हणून."

मला इतकं हसू आलं की सपाता द्यायचंही विसरले. दिल्या तेव्हा त्या त्याच्या टाचेला पुरल्या नाहीत. तो तसाच, अर्धी टाच बाहेर ठेवून, माझ्या सोफ्यावर अवघडून बसला. आमच्या वूच शहरातल्या कठपुतळी थिएटरात तो बाहुल्या नाचवतो हे तेव्हा कळलं. म्हणजे बोटं तरबेज असणार असं मला वाटलं होतं, पण कसलं काय! एल्का सारखी भिंतीवर आपटायची, मागे यायची, पुन्हा त्याच भिंतीवर.

"ती भिंत आहे," मी म्हटलं.

"मला वाटलं, आग्रह केला तर ऐकेल."

शेवटी मी त्याची बोटं धरून एकेका बटणावर ठेवली. बटणं चारच, पण मला फार वेळ लागला... आणि त्यानंही घाई केली नाही.

मग वितोश आला. पडद्यावरून तिमोनचा आवाज घुमला आणि शेजारी बसलेला तिमोन डोळे बारीक करून ऐकू लागला.

"हा माणूस काहीतरी लपवतोय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"श्वास कुठे घेतोय बघा. दिग्दर्शक सारखा म्हणायचा, इथे अडखळ, इथे अडखळ. तेव्हा कळेना का ते."

एका कडेला बसून वितोशनं विचारलं, "एल्का, तुझा माझ्यावर विश्वास आहे ना?" मी माझ्या वेळी क्षणाचाही विचार न करता 'आहे' निवडलं होतं. तिमोननं 'नाही. पण चल बरोबर' निवडलं.

"अहो, काय हे! दुखावला की तो!"

"दुखावू दे. तिचे हात बघा किती थरथरतायत. कसला विश्वास? भीतीनं ती गोड बोलणार, आणि त्यालाही ते कळणार."

"मी गोष्टीत शिरते ती मन लावून शिरते. विश्वास ठेवायचा तर पुरता."

"आणि मग कोंडून मरायचं?"

मी उशी फेकून मारली. त्यानं ती झेलली आणि मांडीवर ठेवली, परत दिली नाही.

असे रविवार येत गेले. आधी खेळायचं, मग बटाट्याचं आंबट सूप, मग भांडण. ज्या गोष्टीत माणूस मरतो ती जास्त खरी का, चांगला शेवट मिळावा म्हणून मागे जाऊन पुन्हा खेळणं ही लबाडी का, असल्या गोष्टींवर आम्ही हिरिरीनं भांडायचो. तो कोमट पाण्यात रासबेरीचं सरबत घालून घोट घोट प्यायचा, मध्येच घसा खाकरायचा. एकदा ट्रामच्या थांब्यावर, भुरभुरत्या बर्फात मी म्हटलं, "खाणीत इतके दिवस एकत्र काढल्यावर अहो-जाहो बरं दिसत नाही."

त्यानं हातमोजा काढून हात पुढे केला. "तिमोन."

"बोग्ना."

ट्राम आली, गेली. हात तिथेच होते.

* * *

आणि मग लोखंडी दाराचा प्रसंग आला. मला बघवेना, मी उशीत तोंड खुपसलं. 'माफ कर' ऐकायची तयारी ठेवून बसले होते.

"जा, एल्का," आवाज आला. "माझं काय व्हायचं ते होईल. पळ!"

मी ताडकन उठून बसले. पडद्यावर वितोश एल्काला बाहेर ढकलत होता... आणि स्वतः आत राहून दार ओढून घेत होता! असा शेवट असू शकतो हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"हे माझ्याकडे झालंच नाही! तिमोन, तू काय केलंस? हे कसं..."

त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, गोष्टीमुळे.

"हे शेवटचं काम असेल बहुतेक माझं," तो हळूच म्हणाला. "स्वरतंतूवर गाठ आहे, बोग्ना. साधी आहे म्हणतात, पण काढायला हवी. नाताळच्या आधी ऑपरेशन. आवाज परत येईल... पण कसला येईल, ते कुणालाच सांगता येत नाही."

मला काही कळेनाच. "कधी कळलं तुला?"

"तुझ्या दुकानात आलो, त्याच्या आदल्या दिवशी."

"आणि हे आज सांगतोयस?"

"काय सांगणार? आवाज ऐकून तू ट्रे टाकलास. माझ्याकडे तर नंतर बघितलंस." तो हसायचा प्रयत्न करत होता. "हा आवाज गेला, तर... तर हे दार मला उघडशील?"

हो! हो म्हणायचं होतं मला. तोंडही उघडलं होतं. पण शब्द आला नाही. एकच क्षण... तेवढ्यात त्यानं माझा चेहरा वाचला, उशी नीट जागेवर ठेवली, बूट घातले आणि निघून गेला.

त्याच्यापेक्षा मलाच माझा जास्त धक्का बसला होता. मी अशी आहे?

* * *

चार दिवस तो फोन उचलेना. मी गेम लावला आणि आवाज बंद केला. वितोशचे ओठ हलत होते, नुसतेच. मला वाटलं होतं, जीव कासावीस होईल. पण माझं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. भिंत आली की मी शेजारी बघत होते. कुणी तिच्यावर आपटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लुत्सिनाबाईंनी मला वेळेआधी सोडलं. "जा, आटप ते काय असेल ते. सकाळपासून तू गिऱ्हाइकांना उलटे चष्मे घालतेयस."

थिएटरात मी एकटीच मोठी, बाकी सगळी चिल्लीपिल्ली. पडदा वर गेला आणि एक जाडं बदक फताडे पाय टाकत आलं. त्याचा आवाज किरटा, फुटका, भलताच! वितोशचा लवलेशही नाही. बदक कुंपणापाशी गेलं, आपटलं. मागे सरलं. पुन्हा त्याच कुंपणावर आपटलं, आग्रहानं. मुलं खिदळत होती आणि मी मात्र अंधारात तोंड दाबून रडत होते. तो तोच होता. आवाज कुठलाही असो, मी त्याला भर गर्दीत ओळखलं असतं.

प्रयोग संपल्यावर मागे गेले. तो बदक हातात घालूनच उभा होता. मला बघून गडबडला, आणि बदकच पुढे झालं.

"तिकीट काढलंत का बाई?" बदकानं विचारलं.

"काढलं. मला त्याच्याशी बोलायचंय, तुझ्याशी नाही."

बदकानं मान वळवून तिमोनकडे बघितलं. तिमोननं मान खाली घातली.

"ऐक," मी म्हटलं. धाप लागली होती. "तुझा तो आवाज मला आवडतो. खूप आवडतो. उगाच खोटं कशाला बोलू? तो गेला तर मी रडेन. पण तुझ्यापासून लपून नाही रडणार... तुझ्या शेजारी बसून रडेन. आणि दार मी उघडेन. त्या दिवशी घाबरले होते, तिमोन. नाही म्हटलं नव्हतं."

बदकाची चोच हळूच माझ्या खांद्यावर टेकली.

"हे बदक जरा आगाऊ आहे," त्याच्या खऱ्या, खर्जातल्या आवाजात तो म्हणाला. "मला धीर व्हायच्या आधीच पुढे होतं."

* * *

ऑपरेशननंतर त्याला बोलायला सक्त मनाई होती. कुजबुजायलासुद्धा. नाताळ माझ्या घरी मुक्यानं झाला. त्याच्या आईनं आणलेले डंपलिंग खात आम्ही एक जुनापुराणा गेम काढला. त्यात कुणाला आवाजच नव्हता, नुसती लिहिलेली वाक्यं. मी सगळ्यांची वाक्यं वाचायची, राजाची, आचाऱ्याची, घोड्याचीसुद्धा. तो निवड करायचा आणि माझ्या घोड्यावर पोट धरून, बिनआवाजाचं हसायचा.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही शेवटाला पोचलो. राज्य सोडून राणी एकटीच नावेत बसून निघून गेली.

"शाबास!" मी म्हटलं. "योग्य केलं तिनं."

त्यानं जोरजोरात मान हलवली.

"नाही कसं? राजा तिचं एक तरी ऐकत होता का? मी असते तर पहिल्याच दिवशी गेले असते. आणि तिला हिंमत लागली असेल त्याला..."

तो उत्तर लिहायला पेन्सिल शोधत होता. सोफ्याखाली, उश्यांखाली. मिळेना.

"...खरं तर अख्ख्या गोष्टीत शूर कोण असेल तर ती राणीच..."

"चूक!"

मी गर्रकन मागे वळले. कोण आलं घरात? दाराकडे बघितलं, दार बंद होतं. मग हळूहळू त्याच्याकडे वळले. तो तोंडावर हात ठेवून, डोळे विस्फारून बसला होता. डॉक्टरांनी सोमवारपासून थोडं थोडं बोलून बघ म्हटलं होतं. आज शनिवार.

पातळ आवाज. मधोमध चिरलेला, कागद फाटल्यासारखा. मी तो उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"पुन्हा बोल," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. नाही.

"डॉक्टरांचं मी बघते. बोल ना रे."

त्यानं हात खाली घेतला. घसा खाकरला. माझ्या चेहऱ्यावरून त्याची नजर हलत नव्हती.

"राणी... भित्री आहे," तो फाटका आवाज म्हणाला. "राजाशी... भांडायला हवं होतं. ती पळाली."

"भित्री? राणी? तुला गोष्ट कळलीच नाही!" मी उसळून म्हटलं, आणि एकदम लक्षात आलं. आम्ही भांडत होतो! अगदी पहिल्यासारखे. माझे डोळे भरून आले. तो अवघडून जवळ सरकला, आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, बोग्ना," तो म्हणाला. शब्द मध्येच तुटला, त्यानं थांबून तो पुन्हा जोडला. "पण राणीबद्दल... मी माघार घेणार नाही."

"नकोच घेऊस," मी म्हटलं, आणि पुढचं बोलूच दिलं नाही त्याला.