सांडव्याची वरची फळी

दिवे गेले ना? बरं झालं. आता ते मोबाईल खिशात घाला आणि जवळ सरका. कुणाला आत जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या. नंतर एकट्यानं जायची वेळ आली तर पाय उचलणार नाही. हसा, हसा. मीही असाच हसायचो.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीवर आलेला प्रसंग आहे. ताई शाळेत गणित शिकवायची, आणि तिच्या हाताखालून गेलेली माणसं आज आजोबा झाली तरी ती समोर दिसली की खुर्चीतून उठतात. एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाही. निवृत्त झाल्यावर ती या तळ्याकाठच्या घरात राहायला आली. तिच्या मागोमाग मी आलो, आणि दोन वर्षांत तिला इथल्या घरमालक संघाचं अध्यक्ष केलं लोकांनी.

अध्यक्षपद म्हणजे काय, तर घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. रविवारी सगळ्यांना जमवून काठावरचं शेवाळ ओढून काढायचं. कुणी मोरीचं पाणी गुपचूप तळ्यात सोडलं असेल तर त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. कुणाच्या होडीचं इंजिन फार आवाज करतं, कुणाचा कुत्रा बदकांमागे लागतो. सगळ्यांना तळं हवं, पण तळ्यासाठी कुणी बोट ओलं करायला तयार नाही. मला अशा लोकांचा भयंकर राग येतो. ताईला येत नसे. ती म्हणायची, "वर्गात पण असंच असतं रे. दोघं शिकतात, बाकीचे हजेरी लावतात."

तिच्याआधी अध्यक्ष होता कप्तान. जहाजावर त्यानं जन्मात पाय ठेवला नव्हता, पण डोक्यावर कायम ती पांढरी टोपी, म्हणून कप्तान. ताईचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तो म्हणायचा, दर उन्हाळ्यात सांडव्याची एक फळी काढा, पाणी थोडं उतरू द्या, काठावरचं शेवाळ उन्हात जळून जाईल. ताई म्हणायची, फळीला हात लावायचा नाही, पाणी गेलं की परत कोण आणून देणार? सभेत दोघं उभी राहिली की लोक घरून चहा पिऊन यायचे, इतका वेळ चालायचं. शेवटी ताई त्याच्याविरुद्ध निवडणुकीला उभी राहिली आणि जिंकली. त्या दिवसापासून कप्ताननं तिच्याशी बोलणं टाकलं. ती धक्क्यावर दिसली की हा होडी वळवून उलट्या दिशेला.

पण सांडवा कळावा तर त्यालाच, हे ताईही मानायची. तुम्ही पाहिलाय ना सांडवा? दोन दगडी खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक आडव्या सरकवलेल्या फळ्या. तेवढ्या फळ्यांनी सगळं तळं अडवलेलं आहे. फळीला भेग पडली की कप्तान जुन्या कपड्याची चिंधी घेऊन तळ्याच्या बाजूनं पाण्यात उतरायचा आणि भेगेत कोंबायचा. पलीकडून, कोरड्या बाजूनं कोंबून उपयोग नाही, पाणी ती थुंकून टाकतं. आतून लावली की पाणीच तिला दाबून धरतं. मग तो बोटानं फळी वाजवून बघायचा. ठक ठक. नीट बसली की आवाज भरीव येतो. डाव्या हाताच्या मधल्या बोटानं वाजवायचा. ते बोट अर्धंच होतं. पूर्वी कधीतरी दोन फळ्यांत सापडलेलं.

एका हिवाळ्यात तो गेला. बुडून नाही हं, भलते तर्क नकोत. आपल्या बिछान्यात, झोपेत गेला. निळा कोट घालून त्याला शवपेटीत ठेवला होता. ताई पुढे झाली आणि संघाचा तो बगळ्याचा बिल्ला आपल्या हातानं त्याच्या कोटावर लावला. त्या रात्री घरी आल्यावर मला म्हणाली, "बगळा उलटा लागला रे. हात थरथरत होते. चोच खाली, पाय वर. माझ्या लक्षात येईपर्यंत पेटी बंद झाली." हे तिनं मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. त्याच्यासाठी ताई रडलेली मी पाहिली ती तेवढीच.

मग आला तो उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस नीट झालाच नव्हता. तळं उतरत उतरत सगळ्यात वरच्या फळीच्या निम्म्यावर आलेलं. उथळ बाजूला मासे दाटीवाटीनं तोंडं वर काढून श्वास घेत होते. ती एक फळी निघाली असती तर एका रात्रीत उथळ बाजू उघडी पडली असती, आणि सकाळी मेलेले मासे फावड्यानं उचलावे लागले असते.

आणि नेमकं तेव्हा आमच्या दातवाल्या डॉक्टरांना तळघर सुचलं. सखल बाजूला घर, तिथे खोल तळघर खणलं, आणि त्यात पाणी झिरपायला लागलं. आता तळ्याच्या कुशीत भोक पाडलंत तर तिथे काय सरबत येणार? डॉक्टर कमिटीत म्हणाले, "ताई, एकच फळी. तुमचं काय जातंय?"

ताई म्हणाली, "माझं काही जात नाही. तळं जातं."

"तुम्ही हट्टी आहात."

"आहे. दुसरं काही असेल तर बोला."

शेवटी ठरलं की रविवारी सकाळी सभा घ्यायची, हात वर करून मत घ्यायचं.

आदली रात्र. शनिवार, सतरा मे. अमावास्या नव्हती, उलट चांगलं टिपूर चांदणं होतं. भुतं काय कॅलेंडर बघून निघतात? जेवण झालं, ताईनं भांडी विसळली, आणि साखळी-कुलूप, बॅटरी घेऊन निघाली. सभेपर्यंत फळ्यांना साखळी घालून ठेवते म्हणाली. मी विचारलं, येऊ का? "तू झोप. तुझे गुडघे वाटेत कुरकुरतात, सगळं तळं जागं होईल." फोन चार्जिंगला लावून गेली. मी झोपलो. झोपलो म्हणजे काय, घोरलो.

सांडवा दिसायच्या आधी तिला ऐकू आला. पाणी पडत होतं. धो धो नाही, पण पडत होतं. ती पळत गेली. वरच्या फळीचं एक टोक खाचेतून वर आलेलं, आणि शेजारी गवतात पहार पडलेली. कुणीतरी फळी उचकटत होतं, आणि बॅटरी दिसली तसं पहार टाकून पळालं. कोण ते विचारू नका. दातवाल्यांच्या घरात एवढा वेळ दिवा होता, तो तेव्हाच विझला.

ताईनं चपला काढल्या, शेजारच्या छोट्या लाकडी पुलाचा कठडा धरला आणि सरळ फळीवर उभी राहिली. वजनानं फळी खाली बसली. पण पहारीनं तिला खालच्या अंगाला लांबच लांब भेग पडली होती, आणि त्या भेगेतून पाण्याची पिचकारी सुटली होती. ताईनं खांद्यावरची शाल काढली, वाकली, आणि हात पोचत होता तिथून, कोरड्या बाजूनं, तिचं टोक भेगेत कोंबलं. पाण्यानं थुंकून टाकलं. पुन्हा कोंबलं. पुन्हा थुंकलं. घरी येऊन मला उठवावं म्हणून तिनं एक पाय उचलला, तर फळी तरंगून वर यायला लागली. पाय परत ठेवला.

म्हणजे तिथून हलायची सोय नाही. साखळी काठावर, कुलूप काठावर. हाका मारल्या. कुणी आलं नाही. ताई पुटपुटली, "ठीक आहे. आख्खी रात्र उभी राहीन. वर्गात आयुष्यभर उभीच होते."

पिचकारी चालूच होती. तळं थेंब थेंब नाही, ओंजळी ओंजळीनं जात होतं, आणि ती नुसती बघत होती. तिला रडू आलं. रागाचं रडू.

मग बेडूक गप्प झाले.

एकदम. सगळे. जणू कुणी वर्गात आलं.

ताईनं मान वळवली. मागे कुणी नाही. काठावर कुणी नाही. तळं चांदण्यात सपाट...

ठक.

तिच्या तळपायाखाली. फळीत.

ठक... ठक.

बाहेरून नाही. तळ्याच्या बाजूनं. पाण्याच्या आतून कुणीतरी फळी वाजवत होतं.

ताई तो आवाज ओळखत होती. असं दुसरं कुणी वाजवत नसे.

पाणी हललं नाही. बुडबुडा नाही. आणि फळीच्या कडेवर, तिच्या उजव्या पावलाशेजारी... बोटं आली.

पांढरी. सुरकुतलेली. एक... दुसरं... मधलं अर्धंच.

त्यांनी फळीची कड धरली.

इथे मी असतो तर काय केलं असतं ते सांगायची गरज नाही. तुम्हीही तेच केलं असतं, छाती काढून बसू नका. पण ताईला भीतीच्या आधी राग आला. तिला वाटलं, हा मेल्यावरही आपलंच खरं करायला आला. फळी काढायला आला.

"कप्तान," ती म्हणाली. आवाज फाटला. तिनं घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाली, "कप्तान, निवडणूक झाली. तुम्ही हरलात."

बोटं हलली नाहीत.

"मेलेल्या सभासदाला मत नसतं. नियम तुम्हीच लिहिलेत."

काही नाही... फक्त गारवा. उन्हाळ्याच्या रात्री तिच्या तोंडातून वाफ येत होती.

"हात काढा."

फळी हलली. वर की खाली, ते तिला कळलं नाही. तिनं दोन्ही पावलं घट्ट रोवली. एक पाऊल त्या बोटांना लागलं. बर्फ.

तिनं पाऊल मागे घेतलं नाही.

"ऐका," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. वाटू दे. मी इथून हलणार नाही. तुम्ही ओढा. बघू कोण आधी दमतं."

आणि मग... कुणी बोललं नाही. ती नाही. तो नाही. चांदणं सरकत गेलं. तिच्या पोटऱ्यांना गोळे आले. बोटं तिथेच. ती तिथेच. डोळे मिटले तर संपलं असं तिला वाटत होतं, म्हणून तिनं ते मिटले नाहीत. पाढे म्हटले. एकोणतीसचा पाढा म्हटला...

पूर्वेला उजाडायला लागलं, तेव्हा एक बेडूक ओरडला.

ताईनं खाली पाहिलं. फळीची कड रिकामी होती.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आवाज येत नाहीये. पिचकारीचा. तो कधी थांबला होता, तिला आठवेना.

मी चहा घेऊन शोधत गेलो तेव्हा ती फळीवर उभीच होती, आणि मला म्हणाली, "आधी साखळी घाल." साखळी घातली, कुलूप लावलं, मगच खाली उतरली. पाय असे कडक झाले होते की मी तिला धरून बसवलं. सगळं सांगितलं तिनं. मी भेगेशी वाकलो. भेगेत काहीतरी निळं होतं. ओढून पाहिलं, हलेना. आतून लावलेलं.

"शाल असेल तुझी," मी म्हणालो.

ताईनं मांडीवरची शाल मला दाखवली. पांढरी.

मग ताई म्हणाली, "रात्रभर मला वाटत होतं की तो ओढतोय. अरे, तो दाबत होता." आणि ओंजळीत तोंड लपवून हमसाहमशी रडली. "दोन वर्षं मी त्याच्याशी नुसती भांडले रे. त्याचं भांडण माझ्याशी होतं. तळ्याशी कधीच नव्हतं."

सभेला ती तशीच गेली. ओल्या कपड्यांनी, अनवाणी. दातवाले डॉक्टर उठून म्हणाले, "मी ऐकलं, वरची फळी म्हणे फुटलीय. मग आता ठेवून काय उपयोग? काढून टाकू."

ताईनं विचारलं, "सकाळी सकाळी कुणी सांगितलं तुम्हाला?"

डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले.

"फुटलीय," ताई म्हणाली. "पण धरून ठेवलीय."

"कुणी?"

"माजी अध्यक्षांनी."

कुणी हसलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायची कुणाची छाती झाली नाही. मत घेतलं. फळी राहिली. पावसाळ्यापर्यंत राहिली, मासे जगले, आणि डॉक्टरांनी तळघर बुजवून घेतलं.

माझा मात्र विश्वास बसत नव्हता. मी खरं सांगतो, मला वाटलं, रात्रीच्या ताणानं ताईच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून सभा संपल्यावर, भर दुपारी, मी कपडे काढले आणि तळ्याच्या बाजूनं पाण्यात उतरलो. पाणी कोमट होतं. फळी चाचपडत भेगेपर्यंत गेलो. जाड कापड होतं, कोटाचं असतं तसं, पट्टी पट्टी करून ठासून भरलेलं. बोट फिरवत गेलो तर एकदम टोचलं. टाचणी होती. टाचणीवर काहीतरी गोल.

मी नाक धरलं, पाण्याखाली गेलो आणि डोळे उघडले.

संघाचा बिल्ला होता.

बगळ्याची चोच खाली होती, पाय वर.