बाभळीवरचं ताट

पलीकडून ताट वाजलं तर होडी न्यायची. हाक आली तर न्यायची नाही, मग ती कोणाचीही असो. आणि असं का, हे विचारायचं नाही.

खडकवासला धरणाच्या फुगवट्याच्या काठी जी थोडी घरं आहेत, तिथल्या प्रत्येक पोराला पोहण्याच्याही आधी हे शिकवतात. घरं अलीकडे, शेतं पलीकडे. रस्त्याने जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा, म्हणून सगळे होडीने जातात. पलीकडे एका बाभळीला जुनं पितळी ताट टांगलेलं असे. काम आटोपलं की दगडाने ते वाजवायचं, म्हणजे अलीकडून कोणीतरी होडी घेऊन येतं. स्वरालीने लहानपणी आजोबांना, रंगरावांना, विचारलं होतं की ओरडून बोलावलं तर काय होतं. आबा म्हणाले होते, "काय हुतं ते सांगाया कोन परत आलं न्हाई." आणि तिला दूध प्यायला पिटाळलं होतं.

आता ती कोथरूडच्या कॉलेजात पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि असल्या उत्तरांनी तिचं डोकं फिरायचं. उन्हाळा लागून पाणी मागे हटलं की पलीकडच्या उघड्या पडलेल्या रेताड पट्ट्यावर नदीसुरय पक्षी अंडी घालतात. घरटं कसलं, जमिनीतला नुसता खळगा. ताट वाजलं की सगळे पक्षी किंचाळत उठतात आणि तेवढ्या वेळात उन्हाने अंडी शिजून निघतात. तिने हे घरात समजावून पाहिलं. निदान ताट लांबच्या झाडाला बांधा, म्हणाली. आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, पाखरांनी अर्ज केलाय का तसा?

मग त्या दुपारी तिने कोणाला विचारलंच नाही. पाणी हटलं की मोटरचा पाइपही पुढे सरकवावा लागतो. त्या कामाला चुलतभाऊ तेजस निघाला होता. त्याला सोडायला तीच गेली आणि येताना बाभळीवरचं ताट सोडून घेऊन आली. पलीकडे मोबाइलला रेंज नसते. तेव्हा काम झालं की हाक मार, मी येते, असं तिने त्याला बजावलं. तेजस हसला. म्हणाला, "आबा तुला आज ह्याच ताटात जेवायला वाढतील, तायडे."

दिवेलागणीला वारा पडला. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं. ओल्या चिखलाचा आणि कुजलेल्या शेवाळाचा वास पार ओट्यापर्यंत आला. दूरवर संरक्षण प्रबोधिनीचे दिवे लागले. आणि पलीकडून हाक आली.

"तायडे... होडी आण..."

आवाज तेजसचाच. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या राधाकाकूचे, तेजसच्या आईचे, हात जागच्या जागी थांबले. आबा गाईला बांधत होते, ते बांधतच राहिले. पुन्हा हाक आली. काकूने मान वर केली नाही. पोटच्या पोराची हाक ऐकूनही सुपातल्या लसणीकडे बघत बसलेली ती बाई पाहून स्वरालीच्या अंगाची लाही लाही झाली.

"काकू, अगं तेजस आहे तो."

"ताट वाजू दे," काकू हळूच म्हणाली.

स्वराली आत गेली, ताट घेऊन आली आणि तिने ते आबांच्या हातात दिलं. वाजणार नाही ते, दुपारीच काढून आणलंय मी, असं तिने सांगून टाकलं. आबा ओरडतील, हात उगारतील, या तयारीने ती उभी होती. आबांनी ताटाकडे पाहिलं, ते उलटं करून पाहिलं, आणि म्हाताऱ्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

"मग आता वळखायचं कसं?"

ती होडीकडे चालू लागली.

पाण्यावर वल्ह्यांखेरीज कसलाच आवाज नव्हता. काठ जवळ आला तसा तेजस दिसला. तो नदीसुरयांच्या ऐन वस्तीत उभा होता. गेला आठवडाभर ती अंडी मोजायला तिथे पोटावर सरपटत जायची, तरी पक्षी लांबूनच उठायचे. आता एकही उठला नाही. त्याच्या पावलाला लागून एक मादी अंड्यांवर बसली होती, पंखांत मान खुपसून. साधं कुत्रं दिसलं तरी काठ डोक्यावर घेणारी टिटवी, तीही गप्प होती. अंधार पडलाय म्हणून असेल, असं स्वरालीने स्वतःला सांगितलं. अंधारात पक्षी जास्त बिचकतात, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं.

होडी धरायला ती खाली उतरली आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. तोल गेला. तोंडावरून पाणी आलं, कान बंद झाले, क्षणभर वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. मग कोणीतरी दंडाला धरून तिला उठवलं.

"उशीर केलास," तेजस म्हणाला.

त्याचा हात बर्फासारखा गार होता. पण दुपारभर पाण्यात पाइपाशी झटलेल्या माणसाचा हात गारच असणार.

ती वल्हवू लागली. तो समोर बसला, खाली मान घालून. होडी मध्यावर आली असेल नसेल, तोच त्याच्या पाठीमागून, सोडून आलेल्या काठावरून, आवाज आला.

टण्... टण्... टण्...

तिच्या हातातलं वल्हं थांबलं. पितळेचा तोच खणखणीत आवाज, शेवटी जरासा फुटका. ताट तर आबांच्या हातात होतं.

"तेजस... कोण वाजवतंय?"

"मला पण कळत नाहीये, तायडे... तू चल ना."

मोटरच्या पेटीचं झाकण असेल, असं तिला वाटलं. पण झाकण बडवणारा तेजस असेल, तर हा कोण? आणि हा तेजस असेल, तर... विचार तिथेच अडत होता. नियमाप्रमाणे वाजवणारा आपला. पण ज्याला हाक मारता येते, त्याला ताट वाजवता येणार नाही, हे ठरवलं कोणी?

काठावर आबा, काकू आणि शेजारचे बापूराव उभे होते. ताट आबांच्या छातीशी होतं, आणि पलीकडे ताट वाजतच होतं. बापूरावांनी बॅटरीचा झोत तेजसच्या तोंडावर मारला. त्याचे ओठ निळे पडले होते, अंगठ्यातून रक्त येत होतं.

"आई," तो म्हणाला, "थंडी वाजतीय गं..."

काकू पुढे झाली आणि मधेच थांबली. पदर तोंडात धरून उभी राहिली.

बापूराव सांगू लागले, की ह्याला जिथून आणलंस तिथं सोडून ये, आणि जो वाजवतोय त्याला घेऊन ये. ह्याला उतरू देऊ नकोस, काठाला पाय लागला की मग काही आपल्या हातात राहत नाही. का राहत नाही, कोणाचं काय झालं होतं, हे स्वरालीने विचारलं, तर नेहमीसारखं कोणालाच धड सांगता येईना. कोणाच्या तरी आज्याचं काहीतरी झालं होतं म्हणे. ती काकूकडे वळली. हा तुझा मुलगा आहे की नाही, एवढं सांग, म्हणाली.

"मला कळंना गं बाय," काकू म्हणाली. "मला कळंना."

"पोरी, एकदा तरी ऐक," आबा म्हणाले.

तेजस होडीची कड घट्ट धरून बसला होता आणि नुसता तिच्याकडे बघत होता. कळत तर तिलाही नव्हतं. तो गार हात, ते न उठलेले पक्षी तिच्याही डोक्यात होतेच. पण कुडकुडणाऱ्या माणसाला अंधारात परत टाकून यायचं, आणि तेही कोणाला कारण माहीत नसताना, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "ह्याला मी सोडून येणार नाही. आणि तिकडे कोणी असेल, तर त्यालाही तिथे ठेवणार नाही. दोघांनाही आणते. मग बसा तुम्ही ओळखत."

तिने तेजसचा हात धरला आणि त्याला काठावर उतरवलं.

बापूराव दोन पावलं मागे सरले. आबाही सरले. आयुष्यात पहिल्यांदाच थोरल्यांनी तिचं चालू दिलं होतं. पळभर तिला जिंकल्यासारखं वाटलं. मग दिसलं, की त्यांच्यापैकी कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे कान पाण्याकडे होते. पलीकडचं वाजणं थांबलं होतं आणि आता दुसरंच काही येत होतं, बारीक, दमलेलं, रडवेलं.

"आबा... मी इथेच आहे... होडी आणा..."

आवाज स्वरालीचा होता.

बापूरावांनी बॅटरीचा झोत तेजसच्या तोंडावरून काढला आणि सावकाश तिच्या तोंडावर आणला.