खाली ठेवलेला कप

"हलू नकोस. तुझी बकरी मूर्ख आहे, म्हणून तूही असायलाच हवं असं काही नाही."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दहा वर्षांची होते, आणि वादी रमच्या वाळवंटात एका तांबड्या कड्याला पोट चिकटवून उभी होते. खाली पाहिलं की डोळे फिरत. वर पाहिलं की बकरी दिसे, निवांत काहीतरी चघळत असलेली. आवाज समोरच्या कड्यावरून येत होता. उजवा पाय खाली घे… बोटभर खाच आहे तिथं… आता डावा. पायाला वाळू लागली तेव्हा मी वळून पाहिलं, तर समोर कुणी नव्हतं. नुसता एक खडा घरंगळत होता.

बारा वर्षं तो आवाज माझ्यापाशी राहिला. त्याला चेहरा नव्हता, नाव नव्हतं. भाकरी थापताना, उंटाला पाणी दाखवताना, कधीतरी उगाच कानाशी यायचा.

आणि यंदा, थंडी सरता सरता, परदेशी पाहुण्यांसाठी बाबांनी काढलेल्या छावणीची पांढरी पिकअप चालवायला नवा माणूस आला. मी पाहुण्यांच्या यादीत डोकं घालून उभी होते. मागे एक बाई गाडीवर चढताना डगमगली, आणि कुणीतरी शांतपणे म्हणालं, "हलू नका."

अरबीतच म्हणाला. बाईला एक अक्षर कळलं नसेल, पण थांबली ती.

मीही थांबले.

वळून पाहिलं. उंच, उन्हानं नाक सोललेलं, डोक्यावरचा रुमाल एका बाजूला टाकलेला, आणि हसला तर पुढचा एक दात जरासा तुटका. त्याचं नाव सुवेलिम. माझं नाव त्यानं यादीच्या खाली वाचलं.

"मुज्ना," तो म्हणाला. "पाणी भरलेला ढग. मग बरसतेस कधी?"

"माणूस बघून," मी म्हणाले, आणि यादीत पुन्हा डोकं घातलं. यादी उलटी धरली होती, हे आत्यानं मागाहून सांगितलं.

त्याला मी ओळखलं, हे त्याला सांगितलं नाही. काय सांगणार होते — की मला तुझा आवाज पाठ आहे?

*

रोज चार वाजता आम्ही निघायचो. सुवेलिम चालवायला, मागच्या बाकांवर आठ-नऊ पाहुणे, आणि त्यांच्यात मी. मी इंग्रजी शिकलेली, म्हणून सांगायचं काम माझं. माझ्याशेजारी माझी आत्या, उम्म फाइझ. तिचं काम मला एकटीला न सोडणं, आणि ते ती गाऊन करायची.

निघण्याआधी मी उभी राहून सांगायची, आज संध्याकाळी काय काय होईल. आधी चाकांतली हवा कमी करू, घाबरू नका, गाडी बिघडलेली नाही. मग मोठी टेकडी चढू, तेव्हा कड्या घट्ट धरा. मग खिंड, भिंतीवर जुन्या लोकांनी कोरलेले उंट. मग चहा. सूर्य बुडेपर्यंत खडकावर बसायचं. अंधार पडता पडता छावणीत जेवण. साडेआठला परत.

मी हे सांगत असताना सुवेलिम खिडकीतून मान बाहेर काढून अरबीत बोलायचा, आणि पाहुणे माझ्याकडे बघायचे, हा काय म्हणतोय म्हणून.

"सांग त्यांना, या वाटेवर सगळ्यात धोक्याची गोष्ट टेकडी नाही, मागे बसलेल्या मुलीचे डोळे आहेत."

"ते म्हणतात," मी पाहुण्यांना सांगायची, "टोप्या सांभाळा."

"सांग, चालकाला रात्री झोप लागत नाही."

"ते म्हणतात, पाणी भरपूर प्या."

पाहुणे माना डोलवायचे. उम्म फाइझ डोलवायची नाही. तिला दोनांतली एकच भाषा कळत असली तरी तिसरी चांगली कळायची. गाडी वाळूत घुसली की ती ओढणीआडून सुरू करायची —

"वाळूच्या चढणीला गाडी चढे भरारा,
ओठांच्या कडेशी का गं अडतो वारा?"

"आत्या, हे कुणासाठी?"

"उंटासाठी," ती म्हणायची. "तुला काय करायचंय?"

असे चार महिने गेले. तो चहाच्या किटलीखाली काटक्या सारायचा, मी वरून मरमियाचा कडसर, सुवासिक पाला टाकायची. बोटांना बोटं लागायची नाहीत, पण वाफ दोघांच्याही तोंडावर यायची. एवढंच. थट्टेत तो सगळं बोलून टाकायचा. थट्टा संपली की मुका.

आणि मग एका सकाळी बाबा म्हणाले, सुवेलिमला अकाबा बंदरात काम लागलं. क्रेनवर. त्याच्या काकानं लावून दिलं. शेवटची फेरी उद्या संध्याकाळी.

अकाबा इथून तासाभरावर आहे. पण माझा भाऊ नव्वाफही तासाभरावरच गेला होता. ईदला येतो, दोन दिवस. तेही घड्याळ बघत.

*

त्या शेवटच्या संध्याकाळी मी जांभळा रुमाल बांधला. आत्यानं पाहिलं, काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

चाकांतली हवा फुस्सकन सुटत होती. सुवेलिम वाकला होता. मी मुद्दाम त्या चाकापाशी जाऊन उभी राहिले.

"बंदरात उंच बसावं लागेल," मी म्हणाले. "चक्कर येईल."

"मला उंचीची भीती नाही."

"मग कशाची आहे?"

त्यानं चाकावर थाप मारली. "झालं," म्हणाला, आणि पुढच्या चाकाकडे गेला.

त्या दिवशी मी पाहुण्यांना नेहमीसारखंच सांगितलं, काय काय होईल ते. तो खिडकीतून काहीच बोलला नाही. मोठी गवती टोपी घातलेल्या एका स्पॅनिश बाईनं मला विचारलं, चालक आजारी आहे का?

टेकडी त्यानं अशी चढवली की सगळे ओरडले, हसले. माझंही काळीज उडून पुन्हा जागेवर बसलं… पण वेगळ्या जागी. खिंडीत कोरलेल्या उंटांपुढे सगळे फोटो काढत होते; तो भिंतीला टेकून नखानं वाळू उकरत होता. बोल ना, मी मनात म्हणत होते. अजून खिंड आहे. खिंड गेली. अजून चहा आहे. चहा गेला, आणि तोंडात मरमियाचा कडूपणा तेवढा राहिला.

मग सूर्यास्ताचा खडक. पाहुणे रांगेनं बसले. समोरचे डोंगर आधी केशरी, मग डाळिंबी, मग आतून कुणी दिवा काढून नेल्यासारखे. आत्या चपला काढून पाय चोळत बसली, पाठ आमच्याकडे. तिनं ती मुद्दाम केली होती, हे मला आज कळतं.

सुवेलिम माझ्यापासून हातभर दूर येऊन बसला. एक खडा उचलून त्यानं खाली घरंगळू दिला. मग —

"बकरी कशी आहे?"

"कुठली बकरी?"

"मूर्ख. कड्यावरची."

मी त्याच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशीच. तू अजूनही तशीच उभी राहतेस, खाली न बघता." तो समोर बघत होता. "तेव्हा मी पळून गेलो. वाटलं, वडील मारतील, दुसऱ्यांच्या मुलीशी बोललो म्हणून. चौदा वर्षांचा होतो."

"ती बकरी खाल्ली आम्ही," मी म्हणाले. दुसरं सुचलंच नाही.

तो हसला. तो तुटका दात. मग हसू विझलं. "मुज्ना, उद्या मी… म्हणजे जाण्याआधी…"

"सूर्य गेला की काय?" स्पॅनिश बाई ओरडली. "माझ्या फोनमध्ये आलाच नाही."

सगळे उठले. तोही उठला. मला त्या बाईचा फोन खडकावरून फेकून द्यावासा वाटला, आणि मी तिला हात धरून खाली उतरवलं.

*

छावणीत बाबा वाट बघत होते. बकरीच्या केसांचा काळा तंबू, मध्ये विस्तव, आणि बाबांचे दोन म्हातारे शेजारी, जे रोज संध्याकाळी कॉफीसाठी येतात आणि कॉफी वाईट झाली म्हणून घरी जातात. मी आणि आत्या मागच्या बाजूला झर्बपाशी. दुपारीच वाळूत पुरलेलं पिंप, आत मटण, बटाटे, कांदे. वरची वाळू आम्ही फावड्यानं काढत होतो. पण माझं लक्ष तंबूत होतं.

बाबांनी कॉफी ओतली. पहिला कप त्यांनी शेजाऱ्यांना दिला नाही, पाहुण्यांना दिला नाही. "आज मान जाणाऱ्याचा," म्हणाले, आणि सुवेलिमपुढे धरला.

सुवेलिमनं तो घेतला. ओठांपर्यंत नेला —

आणि बाहेरून किंकाळी आली. आमच्या म्हाताऱ्या सांडणीनं स्पॅनिश बाईची टोपी तोंडात धरली होती, आणि बाई ती सोडत नव्हती. सुवेलिमनं कप समोर चटईवर ठेवला आणि धावला.

कप भरलेला. वाफ निघत असलेला. न प्यायलेला.

तंबू गप्प झाला.

आमच्यात पाहुण्यानं कॉफी न पिता कप खाली ठेवला, की त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमानानं 'दिलं' म्हणेपर्यंत तो पीत नाही. आणि न पिता तो उठून गेला, तर यजमानाची मान गावभर खाली जाते. तह असेच होतात. खुनाची माफी अशीच मागतात. मुलगीसुद्धा.

म्हाताऱ्यांनी टोपी पाहिली नव्हती. त्यांनी कप पाहिला होता. एकानं दाढीवरून हात फिरवला. पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी फोन वर धरले.

मी सगळं पाहिलं होतं. एक हाक मारली असती — बाबा, तो टोपीसाठी गेलाय — तर सगळे हसले असते, आणि संपलं असतं.

मी फावड्यावर हात ठेवून उभी राहिले. हाक मारली नाही.

सुवेलिम परत आला, हातात अर्धी टोपी. "एवढीच राहिली," म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानं म्हाताऱ्यांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग कपाकडे. त्याचा चेहरा मला विस्तवाच्या उजेडात दिसला. असा चेहरा मी फक्त घसरणाऱ्या माणसाचा पाहिलाय.

"बस," बाबा म्हणाले. "माग."

तो बसला. बाबांना आमच्या रिवाजानं मुलाच्या नावानं हाक मारली. "अबू नव्वाफ… मला… तुमचा जॅक हवा होता. गाडीचा. मोठा."

एका म्हाताऱ्याला ठसका लागला. आत्यानं कपाळावर हात मारला; आवाज आला.

"जॅक," बाबा म्हणाले. चेहऱ्यावरची रेघही न हलवता. "दिला. पी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते झर्बच्या धुरानं नव्हतं. जा, मी मनात म्हणाले. जा, जॅक घेऊन जा, क्रेनवर जा, उंच बस.

त्यानं कप उचलला. दोन थेंब बोटांवर सांडले. कप ओठांशी गेला. थांबला. आणि पुन्हा खाली आला. या वेळी सावकाश, दोन्ही हातांनी, कुणीही बघावं असा.

"नाही, अबू नव्वाफ," तो म्हणाला. "जॅक नको. मी खोटं बोललो." थट्टेतला आवाज नव्हता तो. "मला मुज्ना हवी आहे. म्हणजे… ती हो म्हणाली तर. एकटा आलोय, वडीलधारं कुणी सोबत नाही, हे चुकतंय हे कळतंय मला. पण सकाळी मी जाणार, आणि हे न बोलता गेलो तर तिकडे त्या क्रेनवरून मला नुसती हीच वाळू दिसत राहील."

कुठंतरी एक फोन वाजला आणि कुणीतरी घाईनं बंद केला.

"अशी मागणी एकट्यानं करत नाहीत, गाढवा," बाबा म्हणाले. "शुक्रवारी काकाला आण. चार दाढ्या आण. तोवर त्या कपाला हात लावू नकोस." ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "पण चार भले लोक हात हलवत परत जाऊ नयेत. तेव्हा आधी विचारून येतो."

ते झर्बपाशी आले. आत्या दोन पावलं मागे सरली. अंधारात बाबांच्या अंगाला वेलदोड्याचा वास येत होता.

"पहिल्यांदा कप चुकून राहिला होता," ते हळू म्हणाले. "टोपी मी पाहिली होती. पण चार महिने तुझं भाषांतरही ऐकतोय. वाटलं, माणसाला एकदा बसवून विचारावं." ते थांबले. "काय सांगू त्याला?"

मी मान खाली घातली. पिंपातून वाफ येत होती, रुमालाचं टोक बोटाभोवती गुंडाळलं जात होतं, सुटत होतं…

विचारल्यावर मुलगी गप्प राहिली, की तो होकार. आमच्याकडे असंच धरतात. माझ्या आईचं असंच धरलं, आत्याचं असंच. बाबा हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि वळले.

तीन पावलं गेले असतील.

"बाबा, थांबा."

ते थांबले. तंबूतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी फावडं खाली टाकलं आणि उजेडात आले.

"टोपी मीही पाहिली होती," मी म्हणाले. "हाक मारता आली असती. मारली नाही. त्यानं मागावं, असं मला वाटत होतं. थंडीपासून वाटत होतं. मी गप्प होते ती भीतीनं, बाबा. त्या गप्प बसण्याला होकार धरू नका." सुवेलिम कपासमोर तसाच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ, सगळ्यांदेखत. "होकार हा आहे. सुवेलिम, मला तू हवा आहेस."