येतो म्हण

आमच्या कंपनीचा सर्व्हर पूर्वी रंगाचे नमुने ठेवायच्या खोलीत होता. कंपनी रोह्याची, कापडाचे रंग बनवणारी. त्या खोलीच्या भिंतींना कितीही चुना मारा, थोड्याच महिन्यांत त्या पुन्हा जांभळट दिसायला लागायच्या, आणि तिथल्या पालीसुद्धा मला निळसर वाटायच्या. आत एक टेबल, एक घरघरणारा पंखा, बॅटरीचा डबा आणि मधोमध ते राखाडी मशीन. ऑफिसातल्या सगळ्या फाइली त्याच्या पोटात आणि बाकीची मशीनं वायरीने त्याला जोडलेली.

तो सर्व्हर मी आणि निकेशने मिळून उभा केला होता. निकेश माझा नवरा. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून आम्ही त्यावर लिनक्स चढवलं, आणि विकतचं काही घ्यावं लागलं नाही म्हणून दिनानाथ साहेब आठवडाभर आमच्याशी गोड बोलत होते. मी पेणच्या मास्तरांची मुलगी, निकेश खाडीकाठच्या खारेपाटातल्या मिठागरवाल्यांचा. आमच्या लग्नावर पेणमध्ये पुरेसं बोलून झालेलं आहे, तेव्हा ते इथे नको.

मशीनांना नावं द्यायची असतात. निकेशने आमच्या रोजच्या गाडीची स्टेशनं घेतली. खिडकीजवळचं त्याचं स्वतःचं मशीन रोहा, माझं निडी, हिशेबनिसांचं नागोठणे, स्टोअरमधलं कासू.

"आणि पेण?" मी विचारलं होतं.

"पेण घरी," तो म्हणाला. आणि खरंच, घरी आमच्याकडे जो जुना कॉम्प्युटर होता, त्याला त्याने पेण नाव देऊन टाकलं. त्याला ना वायर, ना टेलिफोन. नुसतंच शेवटचं स्टेशन.

सर्व्हर कसा वागणार हे एका साध्या फाइलीत लिहिलेलं असतं. एकेक ओळ म्हणजे एकेक नियम. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काय दाखवायचं, किती वेळ थांबायचं. एखाद्या ओळीच्या आधी फुलीसारखी एक खूण केली की मशीन ती ओळ वाचत नाही. ती माणसांसाठी असते, पुढे कुणाला अर्थ लागावा म्हणून. निकेश तिथे मला लिहायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी. "वृंदा, हा आकडा बदललास तर आज भाकऱ्या तू थाप." मी खाली उत्तर लिहायचे, "भाकऱ्या मीच थापते, तू बदल." लोक एकमेकांना गजरे आणतात. आमचं हे असं होतं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. घरातून एकटा कुठे निघाला की तो म्हणायचा, "जातो गो." माझ्या अंगावर काटा यायचा. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं, जाताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं.

"येतो म्हण," मी दारातून ओरडायचे.

"जाऊन जाऊन जानार कुठं मी?" तो हसायचा आणि मुद्दाम न म्हणता निघायचा. असा खट्याळ.

गेल्या वर्षी आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला त्यांच्या गावचा बांध फुटला. खारेपाटात याला खांड गेली म्हणतात. खाडीचं पाणी एकदा भातात शिरलं की ती जमीन काही वर्षं कामातून जाते, म्हणून खांड गेल्याचं कळलं की गावचा माणूस कुठेही नोकरीला असो, चिखल टाकून ती बुजवायला धावतो. ऑफिसात फोन आला. निकेश उठला, डबासुद्धा टेबलावर राहिला. दारातून म्हणाला, "जातो गो."

मी ओरडले, "येतो म्हण!" तोवर तो जिना उतरला होता. त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

तो उभा होता तेवढाच बांधाचा तुकडा पाण्याबरोबर गेला. होड्या फिरल्या, मासेमारांनी जाळी टाकली. निकेश सापडला नाही.

सर्व्हरला या क्षणी कोण कोण जोडलेलं आहे, याची यादी पडद्यावर बघता येते. तो गेल्यानंतर मी कामावर आले, यादी उघडली, आणि तिच्यात निकेश होता. निकेश, रोहा मशीनवरून. मी म्हटलं, उघडंच राहिलं असेल. रोहा बंद केलं. नाव गेलं नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. बाकीची नावं एकेक करून आली, आणि त्याचं सगळ्यांच्या आधी. पुढे रोहा बिघडलं म्हणून त्याची पेटी उघडून डिस्क काढून घेतली आणि सांगाडा स्टोअरमध्ये टाकला. नाव होतंच.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. याला कारण असणार, हे मला मान्य होतं. मी ते शोधलं नाही. माझा दिवस त्या एका ओळीने सुरू व्हायचा आणि ती ओळ मला हवी होती, एवढंच. सकाळी पर्स ठेवायच्या आधी मी यादी उघडायचे. ते नाव दिसलं की मग चहा. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी ती दुरुस्त केली असती.

बांध फुटल्यापासून माझ्या सासूबाई, इंदुबाई, पेणला माझ्याकडे राहत होत्या. या वर्षी भाद्रपद लागला तशा त्या मागेच लागल्या. शव नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तसं करून टाकू म्हणाल्या.

"पितरांत पान मांडता येत नाय त्याचा," त्या सांगत होत्या. "ना हिकडचा ना तिकडचा. उपाशी हाय माजा पोर. तू नाय म्हनतेस म्हून अडकलाय गो तो."

"आई, तो गेला असं मी नाही म्हणू शकत."

"मंग काय म्हनतेस? येल?"

मला तो यायला हवा होता. दुसरं काही नको होतं.

त्याच सुमाराला दिनानाथ साहेबांनी मला बोलावलं. मुंबईहून कुणीतरी तपासायला येणार होतं. साहेब खुर्चीतल्या खुर्चीत हलले.

"मॅडम, यादीत अजून निकेशचं नाव दिसतं. बरं दिसत नाही ते. ती जुनी कनेक्शनं आपोआप तुटावीत, असं काही करता येतं ना?"

करता येतं. त्या फाइलीत त्यासाठी एक आकडा असतो. कुणी काही न करता नुसतं जोडलेलं राहिलं, तर किती मिनिटांनी तो मेला असं धरायचं, याचा. त्या नियमाचं नावच डेड टाइम. आमच्याकडे तिथे शून्य होतं. शून्य म्हणजे कधीच मेला असं धरायचं नाही. शून्य निकेशनेच ठेवलं होतं, आणि वर लिहिलं होतं, "वृंदा, कुणाला असं मधेच तोडू नये."

मी पंधरा केलं. मग त्या जांभळ्या खोलीत बसून राहिले. दुपारच्या जेवणाची वेळ होती, सगळी मशीनं नुसतीच चालू. शिपाई जनूभाऊ चहा घेऊन आले आणि दारातच घुटमळले.

"बाई, निकेशभाऊंची ती खिडकीतली खुर्ची रोज पुसतो मी. परत वली व्हते. वर पत्रा बी गळत नाय."

"पावसाची हवा आहे, जनूभाऊ."

"व्हय," ते म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पंधरा मिनिटांनी यादी बघितली. निडी गेलं होतं, नागोठणे गेलं होतं, कासू गेलं होतं. निकेश होता.

या नियमाला एकच अपवाद असतो. जोडलेल्या माणसाने एखादी फाइल उघडी ठेवली असेल, तर त्याला तोडत नाहीत. तो वाचतोय असं धरतात. मी उघड्या फाइलींची यादी काढली. एकच होती, निकेशच्या नावावर. मी आत्ता जी बदलली तीच, नियमांची.

पंख्याचा वारा होता, तरी खोलीत चिखलाचा वास यायला लागला. ओहोटीला खाडीचा येतो तसला, खारट. मला भीती वाटली नाही. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. वर्षभर मी त्याच्याकडे बघत होते. तोही वाचत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी फाइल पुन्हा उघडली. त्याच्या ओळीखाली खूण करून एवढंच लिहिलं, "येतो म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

"येतो."

आणि यादीत त्याचं नाव नव्हतं.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. जनूभाऊंनी बाहेरून दार लोटून घेतलं. वर्षभर अडून राहिलेला तो शब्द मला मिळाला होता. निघताना माणसाने म्हणायचं असतं ते तो अखेर म्हणाला होता, आणि निघाला होता. घरी जाऊन मी सासूबाईंना म्हटलं, "आई, करून टाकू." त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

सर्वपित्रीच्या आधीचा शनिवार ठरला.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात पोहोचले. सवयीने आधी सर्व्हरच्या खोलीत जाऊन यादी उघडली.

निकेश, निडी मशीनवरून.

निडी माझं मशीन. ते मी अजून चालू केलं नव्हतं.

मी जाऊन निडीची वायर उपटली. कुणीतरी त्याचा पासवर्ड वापरत असेल, असं स्वतःला मोठ्याने सांगितलं. माझ्या खुर्चीला हात लागला, ती ओली होती.

दुपारी पुन्हा बघितलं. निकेश, नागोठणे मशीनवरून. हिशेबनीस रजेवर होते, त्यांच्या मशीनवर प्लास्टिकचं आवरण तसंच होतं.

संध्याकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा शेवटचं पाहिलं. कासू.

कासूनंतर पेण.

गाडीत मी दाराशी उभी राहिले. निडी गेलं, नागोठणे गेलं. त्या स्टेशनांच्या पाट्या मी शेकडो वेळा वाचल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा क्रम वाचता आला. येतो. आमच्या भाषेत हा एकच शब्द निघतानाही म्हणतात आणि खरोखर येतानाही.

घरी आल्या आल्या म्हटलं, "आई, उद्या नको. थोडं थांबू या."

"भटाला सांगितलाय, भावकीला सांगितलाय. आता कशापायी थांबायचा?"

टेबलावर पेण नावाचा तो जुना कॉम्प्युटर होता, त्यावर माझं लग्नातलं टेबलक्लॉथ. त्याची मागची बाजू मी चाचपून पाहिली. ना वायर, ना काही. रात्रभर मी दाराला कडी लावली नाही. कुणी आलं नाही.

सकाळी सासूबाईंनीच घराला कुलूप घातलं आणि चावी कनवटीला लावली. मी त्यांना अडवलं नाही. त्यांचं वय, त्यांचं तोंड बघून माझा धीर झाला नाही.

खाडीच्या काठावर दर्भाचा पुतळा ठेवला. अग्नी दिराने दिला. दर्भ ओला असावा, आधी नुसताच धूर झाला. मग पेटला. सासूबाई मला धरून रडल्या आणि मी रस्त्याकडे बघत होते.

दुपार कलल्यावर घरी परतलो. दार बंदच होतं, कुलूप जागच्या जागी. सासूबाईंनी चावी घातली, पण फिरेना.

"काय झाला याला? सकाळी तर बरा व्हता."

मी कुलूप हातात घेतलं. ते गार होतं, ओलं होतं, आणि चावीच्या भोकात पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. मी बोटाने खरवडून जिभेला लावलं.

मीठ.

सोमवारी ऑफिसात गेले. यादीत त्याचं नाव नव्हतं. कुठल्याच स्टेशनावर नव्हतं. मी नियमांची फाइल उघडली. डेड टाइमचा आकडा पुन्हा शून्य झाला होता. त्याच्यावर आमच्या ओळी होत्या, माझी, मग त्याची.

त्याखाली आणखी एक होती.

"आलो होतो गो. कुलूप होतं. जातो."