मावशी म्हणते सरळ जा

मी हात आडवा धरून गाडी थांबवली, तसं आतल्या माणसानं काच खाली केली.

"अहो, ही बाई तर सरळ जा म्हणतेय!"

डॅशबोर्डवरच्या जीपीएसमधून तोच ओळखीचा ठसकेबाज आवाज येत होता. चारशे मीटर सरळ जा.

"तिला पोहता येतं," मी म्हटलं. "तुम्हाला येतं का?"

तो हसला नाही. खाली उतरला, माझ्या पायाशी दगडाला टेकवलेली पाटी त्यानं वाचली. 'पुढे पूल नाही.' मग बराच वेळ नदीकडे बघत राहिला. गढूळ पाण्यात चार खांब उभे होते, आणि त्यांच्यावर नुसतं आभाळ.

"ही पाटी वाऱ्यानं पडेल," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी खिळे आणतो."

"पुढच्या रविवारी इकडे काय काम?"

"ही बाई पाठवेलच की... तिच्या शब्दाबाहेर नाही मी."

सात महिन्यांत पहिल्यांदा मला हसू फुटलं. लगेच अपराध्यासारखंही वाटलं.

आमच्या घरी त्या आवाजाला 'मावशी' म्हणायचे. सुट्टीत चौकोनी डबे भरून आम्ही निघायचो. मावशीनं डावीकडे म्हटलं, की आई मागून हटकून म्हणायची, उजवीकडे. "माझं जन्मात ऐकलं नाहीत, तिचं मात्र मुकाट्यानं ऐकता!" त्यावर बाबा म्हणायचे, "ती रुसत नाही ना गं."

शेवटच्या सहलीहून परतताना बाबांच्या छातीत कळ आली. स्टिअरिंग माझ्या हातात आलं. मागे आईच्या मांडीवर त्यांचं डोकं. मी जवळचं हॉस्पिटल शोधलं. मावशी म्हणाली, अकरा मिनिटं. मी जीव खाऊन गाडी हाणली... आणि रस्ता या पाण्यापाशी संपला. मागे वळून दुसऱ्या पुलावरून जायला चाळीस मिनिटं लागणार होती. बाबा तेवढं थांबले नाहीत.

नकाशे बनवणाऱ्या कंपनीला मी पत्रं लिहिली. एक, दोन, तीन. उत्तर नाही. आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि रविवारी इथं येऊन उभी राहायची. रविवारी घरंच्या घरं गाडीत घालून लोक निघतात ना, म्हणून.

तो खिळे घेऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारी रंग घेऊन. मी त्याला 'खिळेवाले' म्हणायला लागले.

"खिळेवाले, करता काय तुम्ही?"

"रस्ते बघत हिंडतो."

"ड्रायव्हर?"

"तसंच काहीसं."

"मग आज एवढा तिरका खिळा?"

"बघणाऱ्यानं इतकं बघू नये..."

मी नजर वळवली, पण उशीरच झाला होता. त्या दिवशी परतताना गाडीत मी गुणगुणत होते. आईनं विचारलं असतं तर काय सांगणार होते, देव जाणे.

पाचव्या रविवारी तो आला तो पांढराफटक.

"नदीवरची पुलाची रेघ नकाशातून निघाली. काल."

आनंदाच्या भरात मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला — हळूच.

"दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली ऐकूनही थांबलात, तर दुसरी."

"बोला ना..."

"ती रेघ मीच मारली होती. रस्ता शेवटपर्यंत गाडीनं जाऊन बघायचा, मगच नकाशात भरायचा, हा आमचा नियम. मी आलो तेव्हा खांब उभे होते. कामगार म्हणाले, दोन महिन्यांत पूल होतोय. मी म्हटलं, एवढ्या लांब पुन्हा कोण येणार... आणि पूल झाला असं भरून टाकलं. काम बंद पडल्याचं मला कळलंच नाही."

"आणि माझी पत्रं?"

"तिसरं माझ्या टेबलावर आलं. त्याच रविवारी निघालो."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं! खिळे, रंग, ते बोलणं... मी हातातला ब्रश खाली टाकला आणि निघाले. दुसरी गोष्ट मी ऐकलीच नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मावशीला उगाच शिव्याशाप दिले मी."

सहा रविवार मी गेले नाही. सातव्याला आईनं बाबांच्या कपड्यांमागून जुनं जीपीएस काढलं. "चल. जिथं अडलो, तिथं एकदा जाऊन येऊ."

मावशीला काही ठाऊकच नव्हतं. सरळ जा, ती त्याच ठसक्यात म्हणाली. आणि वळणापाशी भर उन्हात तो उभा होता. दाढी वाढलेली, हात आडवा.

आईनं काच खाली केली. "रेघ पुसलीस ना? मग उभा का?"

"जुन्या यंत्रांत ती अजून आहे, काकू." त्यानं आमच्या डॅशबोर्डकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"आज किती गाड्या?"

"तीन. एकीत लहान मुलं होती."

आई त्या चार खांबांकडे बघत राहिली. "माझ्यानं तुला माफ होईल की नाही, ठाऊक नाही. मन काही यंत्र नव्हे, वळ म्हटलं की वळायला. पण चुकलेल्याला देव टाकत नाही, मी कोण टाकणार?" तिनं पाण्याची बाटली पुढे केली. "घोटभर पी आधी."

मी इंजिन बंद केलं. उतरले. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"दुसरी गोष्ट राहिली होती," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. मग रस्त्याकडे पाहिलं. लांबून धूळ उडवत कुणाचं तरी अख्खं घर येत होतं.

"आधी ही गाडी..." तो म्हणाला.

आम्ही दोघांनी हात आडवे धरले.