पाणी न पिणारा ओटा

दुकानात दिवसभर मी एकच खेळ करून दाखवते. क्वार्ट्झच्या पांढऱ्या लादीवर पाणी ओतायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, मग फडक्याने पुसून गिऱ्हाइकाला हात फिरवायला सांगायचं. डाग नाही, ओल नाही. "हा दगड थेंबभरही पाणी पीत नाही," हे वाक्य मी झोपेतही बोलते म्हणे. घरचा ओटा बदलायची वेळ आली तेव्हा मी हट्टाने तोच दगड बसवून घेतला.

तेव्हापासून सासूबाईंचं सुरू झालं.

"अगं, पाणी सांडलं होतं. फडकं आणेपर्यंत गायब! हा ओटा पाणी पितो."

"आई, तो दगड पाणी पीत नाही. मी विकते ना तो."

"तुझ्या दुकानातला पीत नसेल."

मला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. आई चष्मा कुठेतरी ठेवून विसरते, गॅस चालू ठेवते, हे तो बरेच दिवस मनात साठवत होता. मोठ्या नणंदबाईंशी त्याचे फोन वाढले आणि आईंनी कायमचं तिकडे राहायला जायचं हे परस्पर ठरूनही गेलं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून आई याच घरात आहेत. "माझं डोकं ठिकाणावर आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि खोलीत जाऊन बसल्या.

खरं सांगायचं तर संशय मलाही होता. पाणी सांडायचं, पुसायचं आणि पुसल्याचं विसरायचं, दुसरं काय असणार? मी त्यांच्यावर पाळत ठेवली. त्यांची पाठ वळली की फडकं चाचपून बघायचे. ते कोरडं असायचं. सिंकपाशी सांध्यातून पाणी झिरपत असेल म्हणून खालचं कपाट रिकामं करून आत डोकं घातलं. तिथेही ओल नव्हती. मग मला त्या फडक्याचाच राग यायला लागला.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या दुपारी मी दुकानातला खेळ घरी मांडला. ओट्याच्या मधोमध, सिंकपासून लांब, अर्धा कप पाणी ओतलं. हवेने सुकलं असं कुणी म्हणायला नको म्हणून वर काचेचा वाडगा पालथा घातला आणि समोर स्टूल ओढून बसले.

पाण्याची कड आत सरकायला लागली. घाई नाही, आवाज नाही. कुणीतरी तोंड मिटून घोट घेत असावं तशी.

वाडगा उचलला. काचेवर वाफ नव्हती. दगड कोरडा होता. हात लावला तर कोमट लागला.

खालचा ड्रॉवर उघडला. चमचे कोरडे होते.

मला भीती वाटली आणि आईंवर संशय घेतल्याची लाजही वाटली. नवरा घरी आल्या आल्या त्याला सगळं सांगून टाकलं. हल्ली तो आईकडे जसा बघायचा तसाच माझ्याकडे बघत राहिला.

"तूसुद्धा?"

त्याने आईंना हाक मारली. त्यांच्यादेखत पेलाभर पाणी ओट्यावर ओतलं आणि शेजारी डावा हात टेकून उभा राहिला.

"आता बघूच."

पाणी हललं नाही. जसं ओतलं तसंच राहिलं.

"कुठे पितोय?"

आई पाण्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्याच्या हातावर होती.

"हात काढ रे तिथून."

"आई, पुरे झालं हं." उजव्या हाताने त्याने नळाखाली पेला भरला आणि एका दमात संपवला. पुन्हा भरला. "काय उकडतंय आज!"

उकडत नव्हतं.

तिसरा पेला संपला. त्याचा आवाज खरखरीत झाला होता, ओठांवर पांढरी सालं आली होती.

"तूही बॅग भर," तो मला म्हणाला. "आईबरोबर ताईकडे राहून ये थोडे दिवस. तुला आरामाची गरज आहे."

आईंनी त्याची बाही धरून ओढली. मीही ओढली. हात जागचा हलला नाही.

"दोघींनी काय चालवलंय!" तो चिडून म्हणाला आणि चौथ्यांदा नळ सोडला.

तेवढ्यात त्याच्या डाव्या हातातलं घड्याळ, पट्टा बंद असतानाच, काटकीसारख्या वाळलेल्या मनगटावरून सैल कड्यासारखं घसरलं आणि ओट्यावर टेकलं.